सासूबाईंसाठी जागा बघताना शेवटच्या खोलीपर्यंत जाऊन ये

वडोदऱ्याच्या कारेलीबागेतून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"काकू, नमस्कार. माझ्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपासून विसरायला लागल्या, डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय. मागच्या धनतेरसला बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चार पावलं चालतात. रात्री पाच-सहा वेळा उठतात, एकदा पहाटे गॅस चालू करून ठेवला होता. सहा महिन्यांत तीन बायका काम सोडून गेल्या. मिस्टरांची बायपास झालीये, मी ५७ ची, माझी कंबर गेलीये, मुलगा कॅनडात. शेवटी आम्ही दोन जागा बघून आलो. एक नवीन, हायवेच्या बाजूला, अगदी हॉटेलसारखी, महिना ४८ हजार आणि वर डिपॉझिट. मॅनेजरने रिसेप्शन, गार्डन आणि एक रिकामी खोली दाखवली, वरच्या मजल्यावर पेशंटच्या प्रायव्हसीमुळे नेता येणार नाही म्हणाले. दुसरी एका ट्रस्टची, जुनी बैठी इमारत, २२ हजार. भिंतींना ओल आहे, पण एक बाई एका आजोबांची नखं कापत बसली होती ते बघून बरं वाटलं. तिथे रात्री चौदा जणांना एकच बाई असते. नणंद पुण्याहून फोनवर म्हणते, आईला घरडाघरात (वृद्धाश्रमात) टाकताय, लोक काय म्हणतील. चांगलं नर्सिंग होम ओळखायचं कसं, आणि या दोनातलं कुठलं घेऊ?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रात्री पाच-सहा वेळा उठून परत सकाळी सगळ्यांचे डबे-चहा करणारी बाई सहा महिन्यांत कशी होते ते मला माहीत आहे. मी ३१ वर्षं सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होते, त्यातली बरीचशी ऑर्थोच्या वॉर्डात, आणि खुबा मोडलेल्या आज्यांना घरी घेऊन जाणाऱ्या सुना आणि लेकी मी रोज बघितल्यात. त्यामुळे आधी हे सांगते की जागा शोधायला निघालीस त्यात काही चुकलेलं नाही. आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट शब्दाची, कारण त्यातच अर्धे लोक फसतात. आपल्या वडोदऱ्यात नर्सिंग होम म्हटलं की लोकांना बाळंतपणाचा किंवा हर्नियाच्या ऑपरेशनचा छोटा दवाखाना वाटतो, तिथे चार दिवस राहून घरी यायचं असतं. घरडाघर म्हणजे चालत्या-फिरत्या म्हाताऱ्यांनी राहायची जागा, तिथे जेवण, भजन, गप्पा सगळं असतं पण बऱ्याच ठिकाणी फॉर्मवरच लिहिलेलं असतं की स्वतःचं स्वतः करता यायला पाहिजे. तुझ्या सासूबाईंना पाहिजे ती तिसरी जागा, जिथे अंथरुणावरच्या माणसाचं सगळं करतात, आणि तिला कोणी केअर सेंटर म्हणतं, कोणी असिस्टेड लिव्हिंग, कोणी अजून काही. पाटीवर काय लिहिलंय ते सोडून दे आणि दोन्हीकडे फोन करून सरळ विचार, डायपर लागणारा, रात्री उठून फिरणारा, डिमेन्शियाचा पेशंट तुम्ही ठेवता का, आणि उद्या त्या पूर्ण अंथरुणाला लागल्या तर ठेवाल की घेऊन जा म्हणाल. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घे. कारण चार पावलं चालणारं माणूस वर्षभरात एक पाऊल चालत नाही असं होतं, आणि तेव्हा आठ दिवसांत दुसरी जागा शोधायची वेळ आली तर तुमचे फार हाल होतील. ट्रस्टवाल्यांना तर हे नक्कीच विचार.

आता बघायचं काय. तुम्ही दोघं फोन करून, वेळ ठरवून, बहुतेक रविवारी सकाळी अकराला गेला असाल. त्या वेळी सगळीकडे लादी पुसलेली असते आणि सगळ्यांचे केस विंचरलेले असतात. एकदा न सांगता संध्याकाळी सहा-साडेसहाला जा. डिमेन्शियाच्या पेशंटचा गोंधळ दिवस मावळतीला वाढतो, घरी जायचंय म्हणतात, गेलेल्या माणसांना हाका मारतात, दाराशी जाऊन उभे राहतात, तुझ्याकडे पण होतच असेल, आणि बऱ्याच ठिकाणी तीच वेळ ड्युटी बदलायची असते. त्या अर्ध्या तासात बायका कशा वागतात ते बघ. आजी तिसऱ्यांदा तेच विचारतायत तेव्हा उत्तर देणारं कोणी आहे का, की टीव्हीचा आवाज मोठा करून सगळ्यांना एका ओळीत खुर्च्यांवर बसवून ठेवलंय. न सांगता आलात म्हणून गेटवरूनच परत पाठवलं तर तेही लक्षात ठेव.

नाकावर विश्वास ठेव. लघवीचा वास कुठे तरी येणारच, कोणाचा तरी डायपर आत्ताच बदलायचा असेल, तेवढ्यावरून नाव ठेवू नको. पण गाद्यांमध्ये आणि भिंतीत मुरलेला जुना वास वेगळा कळतो. आणि उलट सगळीकडे फिनाईलचा डोळ्याला झोंबणारा वास असेल तर तो कशावर मारलाय ते विचार.

आणि मग शेवटच्या खोलीपर्यंत जाऊन ये. मला तुला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. प्रत्येक ठिकाणी एक खोली अशी असते, जिन्यापासून लांब, जिथे न बोलणारे आणि न उठणारे लोक असतात. जे गप्पा मारतात, तक्रार करू शकतात, ज्यांची मुलं रोज फोन करतात त्यांच्याशी सगळे नीटच वागतात. त्या शेवटच्या खोलीतल्या आजीच्या बाजूने बोलायला कोणी नसतं, आणि तुझ्या सासूबाई दोन-तीन वर्षांत तशाच होणार आहेत, हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण तुला माहीतच आहे. म्हणून त्या आजीचं जे चाललंय तेच पुढे तुझ्या सासूबाईंचं होणार आहे असं समजून बघ. तिथे गेल्यावर ओठ बघ, सुकून पापुद्रे आलेत का. पाण्याचा ग्लास हाताला लागेल असा आहे की लांब खिडकीत ठेवलाय. नखं कापलेली आहेत का, मुठी वळलेल्या असतील तर तळहातात घाण साठलीये का. पायाच्या टाचा गादीवर टेकल्यात की पोटरीखाली उशी देऊन उचललेल्या आहेत. बेल आहे का, आणि ती वाजवली तर किती वेळात कोण येतं.

मग बेडसोअरचं, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांचं विचार. याला शब्द फार खर्च करते कारण माझ्या स्वतःच्या घरात झालंय. माझी आत्या शेवटची दोन वर्षं एका केअर सेंटरमध्ये होती, नाव सांगत नाही, आता ते बंदही झालं असेल. मी दर आठवड्याला जायचे. प्रत्येक वेळी आत्या स्वच्छ, पावडर लावलेली, गळ्यापर्यंत इस्त्रीची चादर. मी सिस्टर, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठी बघितल्या, आणि तिथे मला चादर बाजूला करायचा संकोच वाटला, त्यांना वाटेल की ही अविश्वास दाखवतेय. पाचव्या आठवड्यात तिला ताप आला म्हणून हॉस्पिटलात नेलं तेव्हा माकडहाडावर मूठभर खड्डा होता, खालचं हाड दिसत होतं. आत्या बोलू शकत नव्हती. ती जखम भरलीच नाही. आज इतकी वर्षं झाली तरी ती इस्त्रीची चादर माझ्या डोळ्यासमोरून जात नाही, म्हणून तुला हात जोडून सांगते, संकोच करू नको.

जखम होते कशी ते समजून घे. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादीच्या मधलं मांस दाबलं जातं, तिथलं रक्त फिरायचं थांबतं आणि ते मरतं. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर या जागा पहिल्या. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते. पहिली खूण म्हणजे लाल डाग, बोटाने दाबला तरी पांढरा न होणारा, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाल नीट दिसत नाही, जांभळट-काळपट दिसतं, आणि हाताला ती जागा गरम नाहीतर टणक लागते. त्या टप्प्याला पकडलं तर भार काढून बरं होतं, एकदा कातडी फुटली की महिने जातात. हवेची गादी आहे आमच्याकडे असं सगळे अभिमानाने सांगतात, ती चांगलीच आहे, पण ती असली तरी कूस बदलावीच लागते, आणि लाइट गेली की पंप बंद आणि गादी बसते. म्हणून तू दोन प्रश्न विचार, सध्या तुमच्याकडे किती जणांना बेडसोअर आहेत, आणि त्यातले किती इथे आल्यावर झाले. एकही नाही असं झटकन म्हणाले तर मी लगेच मानणार नाही. पण "दोघांना आहेत, एक हॉस्पिटलातूनच घेऊन आला होता, एक इथे झाला, आता भरतोय, रोज ड्रेसिंग करतो, हा बघा चार्ट" असं जो सांगेल त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसेल. कूस बदलल्याचा चार्ट मागून बघ, आणि त्यात पुढच्या चार तासांचे टिकमार्क आधीच करून ठेवलेले नाहीत ना तेही बघ, मी हे प्रत्यक्ष पाहिलंय.

आता तू लिहिलेलं रात्रीचं, चौदा जणांना एक बाई. साधा हिशोब करू. समज त्यातले सहा जण अंथरुणावर आहेत. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत प्रत्येकाची चार वेळा कूस, म्हणजे चोवीस वेळा, एकेकाला डायपरसकट दहा मिनिटं धरली तरी चार तास झाले, आणि भारी शरीराच्या माणसाला नीट वळवायला दोघी लागतात, एकटीने ओढलं की कातडी घासते आणि तिथूनच जखम सुरू होते. त्यात तुझ्या सासूबाई पाच-सहा वेळा उठणार, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. ती बाई दुसऱ्या खोलीत असताना त्या एकट्या बाथरूमकडे निघाल्या तर? नखं कापणारी बाई मलाही फार आवडली, आणि शिकवून तशी माया येत नाही, पण रात्री एका बाईवर चौदा जण हे तुझ्या सासूबाईंसाठी कमी आहे. मात्र तेवढ्यावरून ती जागा सोडू नको, त्याचं पुढे सांगते.

स्टाफचं विचारताना "किती आहेत" असं विचारू नको, कारण कागदावरचा आकडा सांगतात. "काल रात्री कोण होतं" असं विचार. आणि तिथल्या आयाबेनशी बोल, बेन तुम्ही किती वर्षं आहात इथे, कुठून येता. दर दोन महिन्याला माणसं बदलत असतील तर तिथे पगार वेळेवर होत नसावेत किंवा काम अंगावर पडत असावं, दोन्हीचा त्रास पेशंटलाच होतो. पांढरे कपडे घातले की सगळे सिस्टर म्हणतात, पण जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स, एएनएम दोन वर्षांचा, आणि बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणारी केअरटेकर बाई कधी थोडं शिकवून पाठवलेली असते, कधी काहीच नाही. मायेने करणारी केअरटेकर मला हवीच आहे, पण इन्सुलिन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, नाकातली नळी हे नर्सिंग काउन्सिलच्या रजिस्ट्रेशनवाल्या सिस्टरनेच बघायचं, आणि ती चोवीस तास आहे की फक्त सकाळी येऊन जाते ते विचार.

एकदा जेवणाच्या वेळी जा. भरवताना पेशंटला उठवून ताठ बसवतात का, छोटा चमचा, एक घास गिळला की दुसरा, का आडवं ठेवूनच पातळ खिचडी ओतून मोकळे होतात. आडवं भरवलं की अन्न श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो, डिमेन्शियाचे कितीतरी पेशंट शेवटी त्यानेच जातात. जेवल्यावरही अर्धा तास बसवून ठेवायचं असतं. भरवताना खोकला येत असेल किंवा नंतर आवाज ओलसर-घोगरा येत असेल तर गिळायला त्रास आहे असं समजायचं. कवळी आहे का सासूबाईंना? असेल तर तिच्यावर नाव घालून दे, दुसऱ्याची कवळी तोंडात बसवलेली पण मी बघितलीये.

दुपारी तीनला सगळेच्या सगळे गाढ झोपलेत आणि कोणी कुशीही बदलत नाहीये असं दिसलं तर औषधांचा कागद बघायला माग. रात्री ओरडणाऱ्या, फिरणाऱ्या पेशंटला गुंगीचं किंवा मानसिक आजाराचं औषध देऊन गप्प करतात. कधी कधी डॉक्टर विचार करूनच देतात, ते चूक नाही, पण त्यातल्या अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या पेशंटमध्ये मृत्यूचा धोका वाढतो अशी सूचना अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ मध्येच दिलेली आहे, म्हणून आम्हाला न विचारता असं नवीन औषध सुरू करायचं नाही हे लिहून घे. तसंच हात बांधणं. ओढणीने कॉटला हात बांधलेला दिसला तर कारण विचार, आणि नळी काढतात म्हणून असं सांगितलं तर हातमोजे घालून किंवा जवळ बसून भागवता येत नाही का ते विचार. अजून एक, सासूबाईंचा गोंधळ अचानक एक-दोन दिवसांत वाढला तर डिमेन्शिया वाढला म्हणून सोडून द्यायचं नाही, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, पोट साफ न होणं यानेही तसं होतं आणि त्यावर इलाज आहे. तुमच्या जागेत हे ओळखणारं कोणी आहे का, डॉक्टर किती दिवसांनी येतात आणि रात्री फोन उचलतात का, एवढं विचारलंस तरी कळेल.

भाषेचं कोणी बोलत नाही, पण आपल्या इथल्या मराठी घरांना ते फार लागू आहे. तुझ्या सासूबाईंनी बाजारात, शेजारात आयुष्यभर झकास गुजराती बोललं असणार. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते आणि लहानपणची उरते. मांडवीत साठ वर्षं भाजी घेतलेल्या आज्या अचानक गुजराती समजत नसल्यासारख्या बघतात, आणि आयाबेन दाहोदकडची नाहीतर छोटा उदेपूरची, तिला वाटतं बा हट्ट करतायत. पाणी, भूक, दुखतंय हे तिला कळेल. पण तहान म्हणजे तरस, मळमळ म्हणजे उबका हे तिला कोण सांगणार? तर वीस-पंचवीस शब्द गुजराती लिपीत लिहून एक कागद कॉटच्या डोक्याशी चिकटव. सासूबाईंचे खास शब्दही त्यात घाल, लघवीला त्या काय म्हणतात, कोणाला हाक मारतात, आणि ती हाक ज्याला मारतात तो माणूस हयात आहे की नाही. जागा निवडताना तिथे एखादी तरी मराठी बोलणारी बाई किंवा पेशंट आहे का ते विचार, असेल तर माझ्या लेखी ते गार्डनपेक्षा कितीतरी जास्त आहे.

कागदांचं थोडक्यात. गुजरातमध्ये २०२१ चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंटचा, म्हणजे दवाखाने-हॉस्पिटलांच्या नोंदणीचा कायदा आहे, पेशंट ठेवून इलाज करतो म्हणणाऱ्या जागेने त्याची नोंदणी दाखवली पाहिजे. फायर एनओसी, म्हणजे आगीपासूनच्या सुरक्षेचा दाखला, चालू तारखेची आहे का बघ, २०२० मध्ये अहमदाबाद आणि राजकोट, २०२१ मध्ये भरूच, आपल्याच राज्यात कोविड हॉस्पिटलांना आगी लागून पेशंट गेलेत, त्यामुळे हे मागताना लाजू नको. दुसरा जिना कुठे आहे, त्याला कुलूप आहे का, कॉट लिफ्टशिवाय खाली कशी आणणार. आणि पाणी. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा तू कारेलीबागेत काय बघितलंस ते मी सांगायला नको. ट्रस्टची जागा बैठी आहे म्हणतेस, तर त्या वेळी तिथे पाणी आलं होतं का, आलं असेल तर अंथरुणावरच्या लोकांना कुठे हलवलं, किती तास लाइट नव्हती, आणि जनरेटर कुठे ठेवलाय, तळात असेल तर तो पहिला बुडणार. पैशांचं सगळं लिखित घे, डायपर, फिजिओ, डॉक्टर व्हिजिट महिन्यात धरलेत की वेगळे, डिपॉझिट किती दिवसात परत. अठ्ठेचाळीसचे साठ व्हायला वेळ लागत नाही. रात्री हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर कुठे नेणार, सोबत कोण जाणार हेही ठरवून ठेव. सासूबाई सत्तरच्या वर आहेत तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेव, वर्षाला पाच लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च त्यात होतो, फक्त ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर चालतं, केअर सेंटरच्या महिन्याला नाही. आणि कुठे काही वाईट दिसलं, ऐकत नाहीत असं वाटलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे लागत नाहीत.

आता तुझ्या दोन जागा. हायवेवाल्यांना परत एकदा फोन कर आणि म्हण की मला कोणाचं अंग बघायचं नाहीये, पण वरच्या मजल्यावर कॉरिडॉरमधून एक फेरी मारायची आहे, आणि तिथे राहणाऱ्या एखाद्या पेशंटच्या घरच्यांशी बोलायचंय. प्रायव्हसीचं कारण अर्धं खरं आहे, अनोळखी माणसांनी आज्यांना उघडं बघू नये हे मला मान्य आहे, पण मग सोय करून दाखवता येते, अर्धा तास थांबा म्हणता येतं. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणाले तर ती जागा सोड, संगमरवर कितीही असू दे. ज्या मजल्यावर सासूबाई झोपणार तो मजला न बघता ४८ हजार देऊ नकोस. ट्रस्टवाल्यांना विचार की रात्री आमच्या खर्चाने एक बाई ठेवली तर चालेल का, किंवा आणखी एक-दोन घरांनी मिळून ठेवली तर. २२ मध्ये वाटणीचा पगार घातला तरी हायवेपेक्षा स्वस्तच पडेल आणि त्या चौदाही जणांचं भलं होईल. ओल कुठल्या भिंतीला आहे ते बघून कॉट तिथून हलवून माग. हे दोन्ही ऐकले आणि पूर्ण अंथरुणाला लागल्यावरही ठेवू म्हणाले, तर मी असते तर ट्रस्टची जागा घेतली असती. पण कायमचं म्हणून नको, आधी पंधरा दिवस म्हणून ठेव. तेवढ्यात तुझी कंबर आणि झोप थोडी जागेवर येईल आणि त्यांचं खरं वागणंही कळेल.

नणंदेचं. तिच्यावर रागावू नको, लांब राहणाऱ्या मुलीला आई अजून चार वर्षांपूर्वीचीच दिसत असते. तिला आठ दिवस बोलव, रात्री आईजवळ झोपू दे, मग दोघी मिळून ट्रस्टच्या जागी संध्याकाळी जाऊन या आणि तिलाही प्रश्न विचारू दे. खर्चाची वाटणी सगळ्यांसमोर बोला. आणि एक गोष्ट तुला माहीत नसेल, आईवडिलांच्या सांभाळाचा २००७ चा जो कायदा आहे त्यात जबाबदार म्हणून मुलगा आणि मुलगी दोघांना सारखं धरलंय, नातू-नातही आहेत, सून त्या यादीत नाही. तू जे करतेयस ते कायद्याने तुझ्यावर टाकलेलं नव्हतं, तू केलंस. हे नणंदेला ऐकवण्यासाठी सांगत नाहीये, तू रात्री जागी असताना स्वतःला जे बोलतेस ना, त्यासाठी सांगतेय.

ठेवल्यावर पहिले पंधरा दिवस वाईट जातील. घरी ने म्हणून रडतील, तुला ओळखूनही तोंड फिरवतील. तेव्हा "उद्या नेते" असं खोटं सांगू नको आणि वादही घालू नको, जवळ बसून त्यांच्या माहेरचं काही विचार, गाव कुठलं, अंगणात कुठलं झाड होतं. सोबत त्यांची जुनी गोधडी दे, नवी ब्लँकेट नको, देवघरातला छोटा बाळकृष्ण दे, मोठ्या आकड्यांचं घड्याळ दे. तुझे मिस्टर जातील तेव्हा ते रडतील बहुधा, त्यांना रडू दे पण गाडीत, तिथे नको.

आणि भेटायला जायची वेळ बदलत राहा, कधी सकाळी, कधी जेवणाला, कधी आठ वाजता. आयाबेनना नावाने हाक मार, सणाला चिवडा-लाडू नेशील तर ऑफिसात न देता त्यांच्या हातात दे, चुकलं काही तर ओरडा त्यांच्यावर न करता मॅट्रनशी, म्हणजे मुख्य सिस्टरशी बोल, कारण तू घरी गेल्यावर तुझ्या सासूबाई त्यांच्याच हातात असणार आहेत. आठवड्यातून एकदा तेल घेऊन जा आणि स्वतः त्यांच्या पाठीला लाव. पाठ, खुबे, टाचा सगळं तुझ्या डोळ्याखालून जाईल, कोणाला अविश्वास वाटणार नाही, आणि त्यांनाही तुझा हात लागेल. त्यात कुठे जांभळट, टणक काही दिसलं तर ती जागा चोळू नको, तेव्हाच सिस्टरला बोलवून दाखव, फोटो काढून ठेव, आणि मला पत्र नंतर लिही.